सावरून घेतलं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, आमटी खारट झाली तरी जिला फोन करून सांगते त्या मैत्रिणीजवळही नाही. वेळ आली नाही असं म्हणता येणार नाही — वेळा पुष्कळ आल्या. दर वेळी मी दुसरंच काहीतरी सांगितलं, आणि ते इतक्या वेळा, इतकं रंगवून सांगितलं की आता खरं सांगायला बसले तर जीभ अडखळते आहे. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही. बहुतेक म्हणूनच जमेल.

मी शिक्षिका आहे. राहते अलिबागला, शाळा रेवदंड्याच्या बाजूला. अंगकाठी बारीक, पण आवाज असा की माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला शब्द न् शब्द कळावा. या आवाजाचा मला गर्व होता. होता कशाला, आहे. निदान इथे तरी खोटं नको. वर्गात, लग्नात, भांडणात, सगळीकडे मी या आवाजावर निभावून नेलं आहे. नाटकात तर विचारूच नका.

आमचं पथक बायकांचं. दोघी अंगणवाडीतल्या, एक शिवणकाम करणारी, एक बाजारात सुकी मासळी विकणारी, आणि मी. पुरुषांच्या भूमिकाही आम्हीच करायचो, मिशा काजळाच्या. मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत आणि खाडीपलीकडच्या गावांतही आम्ही पथनाट्यं केली आहेत. दारू, मारहाण, मुलींची शाळा. अलीकडे मुंबईवाल्यांचे बंगले व्हायला लागले, जमिनींना भाव आला, तसं बहिणींना हिस्सा न देता भाऊ सह्या कशा घेतात, त्यावरही केलं. सुरुवातीला पुरुष मंडळी लांब उभी राहून हसायची. मग जवळ यायला लागली. मग खुर्च्या आणून द्यायला लागली. खुर्च्या यायला लागल्या तेव्हाच जरा सावध व्हायला हवं होतं, असं आता वाटतं — पण हे शहाणपण नंतरचं आहे, ते बाजूला ठेवते.

आमची करायची पद्धत आधी सांगायला हवी. तिच्यावाचून पुढचं काही कळणार नाही.

नाटकातल्या बाईचं नाव चंदा. ही भूमिका लता करायची. लता अंगणवाडीत सेविका, माझ्याच वयाची, जिभेला धार आणि मनाने लोणी. चंदाच्या अंगावर पिवळी ओढणी. नवरा हात उगारतो, सासू तोंड फिरवते, आणि नेमक्या त्या वेळी मी डफावर थाप मारून नाटक थांबवायची. सगळ्या जागच्या जागी गोठायच्या. मग मी समोर बसलेल्या बायकांना विचारायची, "हिच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?" जिला वाटेल तिने उठून यायचं. लता आपली ओढणी काढून तिच्या खांद्यावर टाकायची. आणि मी नियम सांगायची. अगदी सुरुवातीला एकदा आणि बाई पुढे आली की पुन्हा एकदा — "ओढणी घेतली की तुम्ही तुम्ही नाही, तुम्ही चंदा. हवं ते बोला. जे बोलाल ते चंदाचं. घरी गेल्यावर कुणी तुम्हाला काही म्हणायचं नाही."

हा नियम माझा. मीच काढला होता. आणि तो चालायचा हो! एरवी तोंड न उघडणाऱ्या सुना चंदा होऊन सासूला असं सुनवायच्या की सासवाही पदर तोंडाला लावून हसायच्या. एका म्हातारीने चंदा होऊन नाटकातल्या मिशीवाल्या नवऱ्याच्या खरोखरच कानाखाली लगावली होती. आमची शिवणकामवाली पुढचा आठवडाभर गाल चोळत होती. मला वाटायचं, काय सुंदर पळवाट शोधून काढली आहे मी बायकांसाठी. त्यांचं सगळं बोलून व्हायचं आणि अंगावर काही यायचं नाही.

त्या पळवाटेला दुसरं तोंडही असतं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

खाडीकाठचं एक गाव. नाव नाही सांगत. बहुतेक घरं आगरी, पूर्वी मिठागरांवर काम करणारी, आता कुणी ट्रेलरवर, कुणी रेतीत, कुणी जमिनीच्या धंद्यात. तिथल्या मनोहरशेठनी आम्हाला स्वतः बोलावणं धाडलं. शेठ म्हणजे गावच्या मंडळाचे अध्यक्ष, जमिनीच्या व्यवहारातलं मोठं नाव, देवळासमोरची फरशी त्यांनीच घातलेली. त्यांनी मांडव दिला, माईक दिला, आम्हाला पोहे दिले. "बाई, आमच्या बाया पन शान्या झाल्या पायजेत," असं म्हणाले. मी खूश झाले. कोण नाही होणार? आजवर गावोगावच्या शेठलोकांच्या पाया पडून प्रयोग मागत होते, आणि इथे शेठच बोलावत होते. पुढच्या गावांतल्या आपल्या सोयऱ्यांनाही सांगतो म्हणाले. मी मनातल्या मनात पुढच्या हंगामाची जुळवाजुळव करून टाकली.

संध्याकाळ होती, दिवे नुकतेच लागले होते. समोर पुरुष खुर्च्यांवर, बायका खाली सतरंजीवर. पहिल्या खुर्चीवर शेठ. मी डफ वाजवला, प्रश्न विचारला. नेहमीसारखी कुजबुज झाली, एकीने दुसरीला ढकललं, हसणं झालं. आणि मग मधल्या रांगेतून एक बाई कुणी न ढकलता उठली.

सुगंधा तिचं नाव. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, तिने सांगितल्यावर कळलं. तिशीच्या आसपासची, सावळी, सरळ चालत आली. लताने तिच्या खांद्यावर ओढणी टाकली. मी नियम सांगितला, "आता तुम्ही चंदा —"

तिने ओढणी काढली. नीट घडी घातली. माझ्या हातात दिली.

"ही तुमच्याजवल ठेवा बाई," ती म्हणाली. "मी चंदा न्हाय. मी सुगंधा."

मला वाटलं, हिला नियम कळला नाही. खरंच वाटलं का मला असं? — क्षणभर वाटलं असेल. त्याहून जास्त नाही.

ती माईककडे वळली नाही. समोर बघत बोलली. आवाज मोठा नव्हता, पण मांडवात एवढी शांतता होती की सगळं ऐकू गेलं. "माजे खोलीला आतून कडी न्हाय," ती म्हणाली. "घरवाला ट्रेलरवर जातंय, चार चार दिस येत न्हाय. मी कडी बसवतंय, दुसऱ्या दिशी ती काडलेली आसते. परत बसवतंय, परत काडलेली. कोन काडतंय, ता आख्ख्या घराला म्हाईत हाय. कोन बोलत न्हाय." मग जरा थांबली. मान वर केली. "काडनारा यो समोर बसलाय."

पहिल्या खुर्चीवर तिचा थोरला दीर बसला होता. मनोहरशेठ.

यात न समजण्यासारखं काय होतं? कडी नसलेल्या खोलीचा अर्थ त्या मांडवातल्या एकाही बाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मला तर नव्हतीच. मी काय बोलायचं, ते आमच्या नाटकाच्या शेवटच्या गाण्यातच होतं! मदतीचा फोन नंबर आम्ही तालावर गायचो, टाळ्या घेत गायचो. तो नंबर मला पाठ होता, आजही आहे.

शेठ हलले नाहीत. त्यांच्या मागचे दोन-तीन जण उभे राहिले. सतरंजीवरच्या बायकांनी माना खाली घातल्या. मागे कुणाचा तरी फोन आधीपासून वर होता, त्याचा उजेड आता दिसला. आणि सगळे — हे मला स्पष्ट आठवतं — सगळे माझ्याकडे बघायला लागले. सूत्रधार मी होते. पुढे काय, ते मी ठरवायचं होतं.

मी काय केलं सांगू?

मी हातातली ओढणी उलगडली, पुढे झाले, ती तिच्या खांद्यांवर घातली, तिला एका हाताने कवेत घेतलं आणि माझ्या त्या आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या आवाजात, ओरडले, "वा! वा! काय अभिनय केला आमच्या ताईंनी! काटा आला की नाही अंगावर? जोरदार टाळ्या!"

आणि टाळ्या आल्या. किती आल्या! आधी पुरुषांच्या, मग बायकांच्या. सुटका झाल्यासारख्या. मांडवातला एकूण एक माणूस टाळ्या वाजवत होता. शेठही उठून उभे राहिले, हसले, आणि त्यांनी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. माझ्या हाताखाली सुगंधाचा खांदा होता. तो आधी ताठ होता, मग सैल पडला. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. टाळ्या वाजवणाऱ्या लोकांकडे बघत राहिली, आणि मग आपल्या जागेवर जाऊन बसली. शेजारणीने तिला सरकून जागा दिली आणि तिच्या पाठीवर थाप मारली, शाबासकीची.

आम्ही नाटक पुरं केलं. गाणंही म्हटलं, फोन नंबरासकट.

प्रयोग संपल्यावर आमच्यातली एक म्हणाली, "बाई, काय सावरून घेतलंत!" सावरून घेणं ही नाटकातली मोठी कला आहे. कुणी वाक्य विसरलं, मिशी गळून पडली, डफ फुटला तर दुसऱ्याने असं काही करायचं की प्रेक्षकांना वाटावं, हे असंच होतं. मी त्यात तरबेज. मला बरं वाटलं ते ऐकून. लाज वाटली नाही हो त्या क्षणी, बरं वाटलं. प्रयोग पडला नाही, एवढंच डोक्यात होतं. लता मात्र मेकअप पुसत होती, पाठमोरी.

आता तुम्ही म्हणाल, गोंधळली असेल बिचारी. हातून झालं असेल. हे मीच मला कितीदा सांगितलं आहे! इथवरच असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते, माझी मलाच क्षमा करून मोकळी झाले असते. पण हे इथे थांबत नाही.

कुणीतरी काढलेला तो व्हिडिओ दुसऱ्या दिवशी गावोगावच्या ग्रुपवर फिरला. "काय ॲक्टिंग केलीय बाईनी" असं खाली लिहून. व्हिडिओ सुरू होतो तो शांततेत. पहिली वाक्यं त्यात नाहीत, शेवटचं तेवढं ऐकू येतं, पण तेव्हा ती पुढच्यांच्या डोक्यांआड आहे. मग मी दिसते, आणि लगेच तिच्या खांद्यावर पिवळी ओढणी आहे. मग माझा आवाज, टाळ्या. ओढणी आधी कुठे होती, ते त्यात दिसत नाही.

तो व्हिडिओ सुगंधाच्या नवऱ्याने बघितला, कुठल्यातरी धाब्यावर ट्रेलर लावून. घरी आला. त्याने तिला विचारलं आणि तिने सांगितलं, हे नाटक नव्हतं. वेगळं बिऱ्हाड करू म्हणाली. त्याने भावाला विचारलं. शेठनी आरडाओरडा केला नाही. गावकी बसवली. आपल्या घराची अब्रू गेली, गावासमोर काय ते होऊन जाऊ दे म्हणाले. आणि साक्षीला मला बोलावलं.

मला विचार करायला वेळ मिळाला. हे नीट लक्षात घ्या. निरोप आल्यापासून बैठकीपर्यंत मध्ये पुरेसा वेळ होता. त्या काळात मी वर्गात शिकवलं, पेपर तपासले, घरी पाहुणे आले त्यांना जेवू घातलं. आणि प्रत्येक कामाच्या मागे तोच विचार चालू. शेठनी पुढच्या गावांत सांगितलं आहे. त्यांचा माणूस आमच्या शाळेच्या कमिटीवर आहे. खरं बोलले तर या किनाऱ्यावर आम्हाला एकही गाव मांडव देणार नाही, पथक बंद पडेल, मग इतर बायकांचं काय? — बघा, किती छान वाटतं ना हे? इतर बायकांचं काय! मी असल्या सुंदर वाक्यांत तरबेज आहे. खरं एवढंच की मी घाबरले होते. आणि त्याहूनही लाजिरवाणं म्हणजे, सगळ्या गावासमोर मी ओरडून जे बोलले ते चुकलं, हे मला कबूल करायचं नव्हतं. तिचं खरं ठरलं असतं तर माझं सावरून घेणं खोटं ठरलं असतं.

लताला मी म्हटलं, तू येऊ नकोस, उगाच गर्दी कशाला.

बैठक देवळाच्या सभामंडपात होती. मी स्कूटर लावली तेव्हा सुगंधाचा नवरा बाहेर उभा होता. दणकट माणूस, पण चेहरा जागरणाने उतरलेला. माझ्याजवळ आला. हात जोडले नाहीत, रागही नव्हता. म्हणाला, "बाई, माना काय समजत न्हाय. एकीकडं भाऊस हाय, एकीकडं बायको. तुमी शिकलेल्या, तुमाला काय घेना न्हाय न् देना न्हाय. तुमी खरा काय ता सांगा. मी तुमचा ऐकीन."

मी तुमचा ऐकीन. असं मला आयुष्यात दुसरं कुणी म्हटलेलं नाही. ना मुलांनी, ना नवऱ्याने. पण त्याने म्हटलं, आणि तसा तो खरंच ऐकणार होता.

आत सगळे बसले होते. सुगंधा खांबाला टेकून, डोक्यावर पदर. शेठ समोर, अगदी शांत. म्हातारे नाना म्हणून एक पंच होते, त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाले, "बाई, जास्त काय इचारीत न्हाय. तुमीच सुरवातीला आमाला सांगला व्हता, वढनी घेतली का बोललेला चंदाचा, बाईचा न्हाय. मंग ती बोलली तवा वढनी तिचे खांद्याव व्हती का न्हाय? येवराच सांगा."

किती सोपा प्रश्न! माझाच नियम होता. नानांनी तो माझ्याहून जास्त मनावर घेतला होता. होती म्हटलं तर बोलली ती चंदा. नव्हती म्हटलं तर सुगंधा. त्या मंडपातल्या निम्म्या लोकांनी डोळ्यांनी बघितलं होतं की तिने ओढणी काढून, घडी घालून माझ्या हातात दिली. त्यांतला कुणीही स्वतः होऊन बोलणार नव्हता. पण मी एक शब्द बोलले असते, तर दोन-तीन बायका तरी हो म्हणाल्या असत्या — असं मला वाटतं. नसत्याही म्हणाल्या. तो शब्द बोलून बघायचं काम माझं होतं.

सुगंधाने मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदा. त्या नजरेत विनवणी होती असं मी नंतर स्वतःला सांगत आले आहे. विनवणी नव्हती. ती फक्त वाट बघत होती. मी काय बोलणार याची तिला काळजी वाटत नव्हती. बघितलेलं सांगायचं, यात काळजी ती कसली?

मी म्हटलं, "हो. ओढणी होती."

आणि थांबले नाही. माझा आवाज ना, एकदा सुरू झाला की थांबत नाही. मी म्हटलं, "फार समरस झाल्या होत्या त्या. असं होतं कधी कधी. नाटकाची ताकदच तशी असते."

नानांनी मान हलवली. शेठनी एक सुस्कारा सोडला आणि मोठ्या मनाने म्हणाले, जाऊ द्या, पोर हाय, भरात बोलली. तिच्या नवऱ्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी जे आलं ते समाधान होतं, हे मी बघितलं आहे. त्याला दोघांतलं एक गमवायचं होतं, आता कुणीच गमवायचं नव्हतं. ठरलं असं की सुगंधाने दिराच्या पाया पडायचं आणि विषय संपवायचा.

ती उठली. पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.

मग चहा आला. मी प्याले.

पुलावरून रेवदंड्याकडे येताना मी रडले वगैरे नाही. खाडीत भरती होती, होड्या परतत होत्या, मी त्या बघत आले. घरी येऊन लताला फोन केला, म्हटलं मिटलं सगळं. ती म्हणाली, "त्या दिवशी मांडवात तुम्ही बोलाल म्हणून मी गप्प बसले, बाई. आज तुम्ही म्हणालात येऊ नको, म्हणून मी आले नाही. माझं चुकलं." एवढं बोलून तिने फोन ठेवला. त्यानंतर ती पथकात आली नाही. मी सगळ्यांना सांगितलं, लताच्या गुडघ्यांचा त्रास वाढला आहे.

मग मी ती दुसरीच गोष्ट सांगायला लागले, सुरुवातीला म्हटलं ती, रंगवून सांगितलेली. शिबिरांत, कॉलेजांत, सत्कारांत. एका खेड्यातली अशिक्षित बाई कशी उठली आणि चंदाच्या भूमिकेत कशी शिरली, अख्खा गाव कसा सुन्न झाला, आणि हीच लोकनाट्याची शक्ती. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्याही यायचं, आणि ते खोटं नसायचं. हे कसं काय, मला माहीत नाही.

सुगंधा त्याच घरात राहिली. तिच्या खोलीच्या कडीचं पुढे काय झालं, मी कधी विचारलं नाही. विचारायला गावात ओळखीच्या बायका होत्या. खाडीपलीकडच्या प्रयोगांना जाता-येता तिचं घर लागायचं. एका वाक्यात विचारता आलं असतं. उत्तर ऐकावं लागलं असतं, म्हणून विचारलं नाही.

एकदाच भेटली. रेवदंड्याच्या बाजारात, मी सुकट घेत होते. तिला आधी मी बघितलं आणि बांगड्यांच्या दुकानाकडे तोंड फिरवलं. पण ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वाळली होती. हातात पिशवी. कसलाच राग नाही चेहऱ्यावर.

"बाई, अजून करतांव ना तुमचा खेल?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. पुढच्या आठवड्यात अमुक गावात आहे, असंही उगाच सांगून टाकलं, काहीतरी बोलायचं म्हणून.

ती जरा विचारात पडली. ते गाव तिला माहीत असावं. मग म्हणाली, "तिकरं कुनी बाय उटली, तर तिला आदी सांगून ठेवा."

"काय सांगू?"

"लोकं टाल्या वाजवतान म्हनून."

आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन ती गेली.

मला तिने एवढंच सांगितलं. माझ्याकडून तिने दुसरं काही मागितलं नाही, ना तेव्हा, ना त्याआधी. आणि हे तर करण्यासारखं होतं. कुणाचं नाव घ्यायचं नव्हतं, कुणा शेठच्या विरोधात उभं राहायचं नव्हतं. नियम सांगताना एक वाक्य जास्त सांगायचं होतं.

पुढच्या आठवड्यात त्या गावात आमचा प्रयोग झाला. मांडव भरलेला, पुढे खुर्च्या. लताच्या जागी आता नवीन मुलगी चंदा करते, तिला ओढणी शोभते. मी डफावर थाप मारली, सगळ्या गोठल्या, मी प्रश्न विचारला. बायकांमध्ये कुजबुज झाली. मग कडेला बसलेली एक बाई, कुणी न ढकलता, अर्धी उठली. पुन्हा बसली. पदर घट्ट केला, पुरुषांच्या खुर्च्यांकडे एकदा बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

मला तिला काय सांगायचं आहे, ते मला माहीत होतं. वाक्य तयार होतं. बाजारातून निघाल्यापासून तयार होतं.

मी ओढणी दोन्ही हातांवर पसरून तिच्यापुढे धरली आणि म्हटलं, "या ना. घाबरू नका."